मेल्याचा सांगावा

सोमवार, ४ जानेवारी २०१६

तपासणी येणार. बीडच्या समाजकल्याण ऑफिसातून फोन होता, "या महिन्यात कधीही येऊ, तयारीत राहा." तीस वर्षं सरकारी नर्स म्हणून काढली, त्यामुळे 'कधीही' म्हणजे महिन्याचा शेवटचा आठवडा हे मला कोणी सांगावं लागत नाही. फोन ठेवला आणि दगडाबाईला चहा टाक म्हटलं. ती स्वयंपाकघरातूनच ओरडली, "दूध न्हाई, कोरा चालंल का?" चालेल. यंदा सगळंच चालतं.

रिटायर झाल्यावर घरात भिंतींशी काय बोलू म्हणून ही अधीक्षिकेची नोकरी धरली. वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसांचं बीपी बघायचं, गोळ्या द्यायच्या, चार गप्पा मारायच्या. इथे गोळ्या कमी आणि कागद जास्त.

खरं ते लिहून ठेवते, ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. वडवणी रोडवरचा आमचा हा वृद्धाश्रम निराधारांसाठी आहे. ज्याला सांभाळणारं कोणी नाही त्यालाच इथे ठेवायचं, तरच अनुदान. आणि आमच्याकडे खरी निराधार एकटी वच्छलाबाई. बाकी सगळ्यांना लेकरं आहेत, सुना आहेत, नातवंडं आहेत. ती सगळी ऊस तोडायला गेलेली. दसऱ्याच्या सुमारास म्हाताऱ्यांना इथे सोडायचं आणि पाडव्याला घेऊन जायचं, अशी रीतच पडली आहे.

यात कोणाचं काय वाईट झालं? दोन वर्षं धड पाऊस नाही. म्हातारं माणूस गावात एकटं राहिलं तर टँकरखाली घागर कोण धरणार? मग सुनेला मागे राहावं लागायचं आणि कोयता मोडायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, असं मुकादम लोक धरतात. संस्थेचे अध्यक्ष माणिकराव यांनी ही अडचण ओळखली. ते सहकारी कारखान्याचे संचालक, पण यंदा ऊसच नसल्याने आपला कारखाना बंद आणि टोळ्या सगळ्या सांगली-कोल्हापूरकडे. तरी त्यांनी स्वतःची जीप गावोगाव पाठवली आणि म्हातारी माणसं इथे आणून सोडली. त्यांचे मेहुणेच मुकादम आहेत, त्यामुळे कोणाच्या घरी अडचण आहे ते त्यांना लगेच कळतं. एवढं कोण करतं हल्ली?

गुरुवार, ७ जानेवारी

आज तालीम घेतली. सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं आणि मी खुर्चीत साहेब होऊन बसले. साहेब एकच महत्त्वाचं विचारणार, "तुम्हाला कोण आहे?" आणि सगळ्यांनी एकच सांगायचं, "कोणी नाही."

राधाकिशन सगळ्यांत पुढे. हे एकेकाळी गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. चारा संपला, जनावरं बाजारात गेली, सोसायटीला कुलूप लागलं आणि दोन्ही मुलं कोयता घेऊन निघाली. पण चेअरमनकी अंगातून गेलेली नाही. म्हणाले, "नर्सबाई, तुमी घाबरू नका. आमच्या सोसायटीत ऑडिटर यायचा तवा शेजारच्या गावच्या म्हशी आनून बांधायचो. तो मोजायचा, चहा प्यायचा, जायचा. हितं तर नुस्तं लपवायचं हाय."

सगळे हसले. मीही खूप दिवसांनी पोटभर हसले. तालमीत मात्र "कोनी न्हाई" म्हणायला त्यांना तीनदा विचारावं लागलं. कानाने कमी ऐकायला लागलेत, तपासून घ्यायला पाहिजे.

अडली ती बायनाबाई. एरवी ही बाई गरीब गाय. पानात पडेल ते खाते, शेजारच्या कॉटवरच्या वच्छलाबाईची वेणी घालते, कधी तक्रार नाही. मी विचारलं, "आजी, तुम्हाला कोण आहे?" ती म्हणाली, "सटवा हाय."

"असं नाही. कोणी नाही म्हणायचं."

"कावून? हाय की. कराडच्या अंगाला गेलाय. जित्या लेकराला न्हाई म्हनू का मी? तिकडं ट्रॅक्टरवर मोळ्या चढिवतोय, फळीवरून पाय घसरला म्हंजी?"

समजावून घसा बसला. उद्या बघू.

बुधवार, १३ जानेवारी

तयारी चालू आहे. वडवणीच्या मंडपवाल्याकडून पांढऱ्या चादरी आणल्या. एकीवर हळदीचा डाग आहे, ती उलटी घालू. न्हाणीघरात धरायला लोखंडी दांड्या बसवल्या, नियमच आहे तसा. म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरू नये म्हणून. आता घसरायला तिथे पाणी तर पाहिजे. टँकर आठवड्यातून एकदा येतो आणि आम्ही अंग पुसून घेतो. नियमांच्या पुस्तकात मात्र रोज आंघोळ लिहिली आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी एकदा या टँकरच्या पाण्यावर इथे येऊन राहावं.

भिंतीवर आहाराचा फळा लावला. सोमवार पालेभाजी, मंगळवार फळ, बुधवार दूध. राधाकिशन फळ्यासमोर उभे राहून मोठ्याने वाचत होते आणि दगडाबाई आतून शिव्या घालत होती.

बायनाबाई अजून तिथेच. "दुसरं काय बी म्हनायला सांगा. मी आंधळी हाय म्हनते. येडी हाय म्हनते." वेडी म्हटलं तर आणखी वेगळा कागद लागतो, ते तिला काय सांगू.

सोमवार, १८ जानेवारी

माणिकराव येऊन गेले. सगळीकडे फिरले, चादरी बघून खूश झाले. मग बायनाबाईचं सांगितलं तेव्हा कपाळाला आठ्या पडल्या. "मॅडम, एक म्हातारी खरं बोलली तर साहेब सगळ्यांचं उकरून काढंल. अनुदान बंद. मग ह्या लोकांना आत्ता घरी धाडायचं का? घराला कुलपं हायत. एवढं समजावून सांगा तिला." बोलले ते बरोबरच आहे.

दुपारी मी तिला जरा जोरात बोलले. म्हटलं, तुझ्या एकटीच्या हट्टापायी हे सगळे रस्त्यावर येतील, वच्छलाबाईसुद्धा, जिला खरंच कुठे जायला जागा नाही. माझा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायनाबाई दुपारपासून जेवली नाही. मला स्वतःचाच राग आला आहे आणि तिचाही आला आहे. दोन्ही एकदम आले की माणूस फार थकतं.

शुक्रवार, २२ जानेवारी

सुटलं एकदाचं!

सकाळी बायनाबाईचे पाय चेपत बसले होते, चार दिवस तिचं खाणं धड नाही म्हणून. गप्पांत तिने सटवाच्या लहानपणीची गोष्ट काढली. अंगणात खेळत होता, कावळा येऊन डोक्यावर बसला. घरात सगळे घाबरले. कावळा असा डोक्यावर बसला की माणूस जातं, असं मानतात. मग त्यावर उतारा म्हणून तिच्या नवऱ्याने तिच्या माहेरी सांगावा धाडला, सटवा गेला म्हणून. आई-बाप, भाऊ सगळे ऊर बडवत आले. वेशीतून रडत शिरले तर पोरगं दारात गोट्या खेळतंय. रडणं झालं, आसवं सांडली, म्हणजे मरण फिटलं. मग खरं सांगायचं, गोडाचं जेवण करायचं. "माझ्या मायनं मला दोन मुस्काटात दिल्या आन मंग सटवाला पोटाशी धरून लई येळ बसली," असं सांगताना बायनाबाई हसत होती.

मी ते धरलं. म्हटलं, "अहो मग हेही तसंच समजा. साहेबाला मेल्याचा सांगावा द्यायचा. सटवाचं आयुष्यच वाढेल. घसरायचा असेल तर घसरणार नाही."

तिने पाय आखडून घेतले. "तुमी मानता व्हय हे?"

मी हो म्हटलं. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. आमच्या घरात उतारे, अंगारे, कावळे सगळं त्या दिवशी बंद झालं ते आजतागायत. वडील असते तर या एका 'हो'साठी माझ्याशी बोलले नसते. पण ती जेवली. दोन भाकरी खाल्ल्या. नर्सला आणखी काय पाहिजे?

बुधवार, २७ जानेवारी

झाली तपासणी.

निरीक्षक बबनराव म्हणून आहेत, माझ्याच वयाचे, रिटायरमेंटला आलेले. चादरी बघितल्या, दांड्या हलवून बघितल्या, फळा वाचला. "आज बुधवार. दूध झालं का सगळ्यांचं?" राधाकिशन लगेच, "झालं की! साय लई जाड व्हती, सायब." मला हसू दाबता दाबता पुरेवाट.

मग एकेकाला विचारणं. कोणी नाही, कोणी नाही, कोणी नाही. बबनराव लिहीत गेले. बायनाबाईची पाळी आली.

"आजी, मुलगा?"

"व्हता. सटवा नाव. गेला."

आणि तिने असा हंबरडा फोडला की मी दचकले. तालमीत हे नव्हतं. कपाळ बडवलं, पदर तोंडात कोंबला, "माझ्या वासरा" म्हणून हाक मारली. वच्छलाबाई तिला धरून रडायला लागली, मग इतर बायकाही. बबनरावांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी पुढचे प्रश्न पटापट उरकले.

जाताना मला म्हणाले, "मॅडम, तुमचे अध्यक्ष आणि तोडणीचे मुकादम नातेवाईक ना?" मी म्हटलं, मेहुणे आहेत. ते हसले. का हसले कळलं नाही. चांगला माणूस वाटला.

जीप सुरू झाली तशी बायनाबाई डोळे कोरडे करून माझ्याजवळ आली. "सांगा आता त्यास्नी."

"काय?"

"सटवा जिता हाय म्हून. रडनं झालं. आता सांगावा मागं घ्याया पायजे. मागं नाय घेतला तर तो खराच ऱ्हातो, नर्सबाई."

जीप फाटकाबाहेर गेलेली. मी म्हटलं, पाडव्याला सटवा येईल ना, तेव्हा सांगू. ती फाटकाकडे बघत तशीच उभी राहिली.

बुधवार, १० फेब्रुवारी

नेहमीचे दिवस. बायनाबाई रोज सकाळी बीपीला हात पुढे करते आणि विचारते, "सांगितलं का?" मी म्हणते, सांगते. तिचं बीपी वाढलंय, गोळी अर्धीची पूर्ण केली.

मंडपवाला चादरी घेऊन गेला. लग्नसराई आहे. दुष्काळात लग्नं कमी झाली असतील असं वाटलं होतं, तसं काही नाही.

मुलाचा पुण्याहून फोन होता. एप्रिलमध्ये जयंतीला नक्की येतो म्हणाला. मागच्या दिवाळीला कंपनीचं ऑडिट निघालं होतं. त्याच्यावर जबाबदारीच तेवढी आहे.

बुधवार, १६ मार्च

उसाचा हंगाम यंदा लवकर आटपला. टोळ्या परतायला लागल्या आहेत. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की सगळे व्हरांड्यात येऊन उभे राहतात.

राधाकिशन यांची मुलं परवा येऊन गेली. अर्धा तास बसली, बापासाठी काकवीचा डबा आणला होता. "गावात टँकर धा दिसाला येतोय, बाई. ह्यास्नी नेऊन काय पाजू? पानकाळ्यापस्तोर ऱ्हाऊ द्या." खरंच आहे. गावाची अवस्था मला माहीत आहे. माणिकरावांना विचारलं की पोचवायला जीप येणार का, तर ती टँकरच्या कामाला लागली आहे म्हणे.

राधाकिशन यांनी काकवी सगळ्यांना वाटली. स्वतः घेतली नाही. शुगर नाही त्यांना, तरी का घेतली नाही कोण जाणे.

शुक्रवार, ८ एप्रिल. पाडवा

बायनाबाई पहाटेपासून तयार. केसांना तेल, ठेवणीतलं लुगडं, गाठोडं मांडीवर. ऊन चढलं तशी सावली सरकत गेली आणि तीही सावलीबरोबर सरकत राहिली. जेवायला आत आली नाही. सटवा आला नाही.

इतर चार-पाच जणांना न्यायला आले. बाकीचे आहेत तिथेच.

सोमवार, ११ एप्रिल

सटवा आला. बायको बाहेर टेम्पोत बसलेली, संसाराची पेटी, भांडी, दोन लेकरं. तिला मी ये म्हटलं तर ती मान हलवून तिथेच बसली.

सटवा काळा ठिक्कर, हाताला ऊस कापल्याच्या भेगा. आईच्या पाया पडला. तिने त्याचा चेहरा असा चाचपला की मला दुसरीकडे बघावं लागलं. मग ती मला म्हणाली, "सांगा आता. हाय का न्हाई जिता? फोन लावा त्या सायबाला." आणि लेकाला सगळं सांगून टाकलं, तालीम, कावळा, हंबरडा, सगळं.

सटवा आधी हसला. "म्हंजी मी कागदावर मेलो का काय?"

मी म्हटलं, तेवढ्यापुरतं होतं ते. आता आईला घेऊन जाणार ना?

तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागला. "न्यावं म्हून आलतो खरं तर. पन गावात काय बी न्हाई. आमी आता पुन्याकडं वीटभट्टीवर चाललोत. तितून परत दसऱ्याला कारखान्यावर. मुकादमाला शबूद दिलाय, दोघं बी येतो म्हून." मग एकदम मान वर करून म्हणाला, "बाई, कागदावर मी न्हाईच तर मग ऱ्हाऊ द्या ना तसंच. निराधार म्हनलं की कायमचं ठिवता ना तुमी? लई मोठं काम व्हईल आमचं. दरसाली जीपची वाट बघनं न्हाई, माणिकरावास्नी हात जोडनं न्हाई."

वाईट मनाने बोलला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. हिशेब जमल्यावर माणसाचा चेहरा सैल होतो तसा त्याचा झाला होता. पोराला मी काय बोलणार? ही वाट मीच तर दाखवली.

बायनाबाईने सगळं ऐकलं. लेकाला म्हणाली, "जा. उनाच्या आत पोच. लेकरांच्या डोक्याला फडकं बांध." टेम्पो गेल्यावर गाठोडं सोडलं आणि लुगडी घडी करून कॉटखाली ठेवली.

स्वतःच्या हुशारीची अशी लाज कधी वाटली नव्हती.

गुरुवार, १४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी नेसून नेकनूरच्या बुद्धविहारात गेले, वंदना घेतली, मिरवणूक निघेपर्यंत थांबले. मुलाला रजा मिळाली नाही. फोन केला त्याने, दोन मिनिटं बोलला, मागे कोणीतरी हाक मारत होतं. पुण्यात माणसाला श्वास घ्यायला वेळ नसतो.

संध्याकाळी परत आले तर बायनाबाई माझ्या खोलीच्या पायरीवर बसलेली.

"नर्सबाई, सांगावा मागं घ्या."

मी सगळं फोडून सांगितलं. सटवा जिवंत आहे असं कळवलं तर नियमाने तुम्हाला इथून काढतील. जाणार कुठे? घराला कुलूप, गावात पाणी नाही. शिवाय सटवालाच नको आहे.

"त्याला काय कळतंय. तो लेकरू हाय." पदराने पायरी पुसत म्हणाली, "मला काढलं तरी चालंल. नारायणगडाच्या पायथ्याला, देवाच्या दारात बशीन, कुनी बी तुकडा घालील. पन माझं लेकरू मेल्यालं ठिवू नका."

मी बघते म्हटलं. ते तिलाही कळलं आणि मलाही, की बघत नाही.

शनिवार, ३० एप्रिल

ऊन बेचाळीसच्या वर. दोन जणांना सलाईन लावलं. माणिकरावांना हिंमत करून बायनाबाईचं विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, वल्या जखमेला कशाला बोट लावता? खातीय, पितीय, निवांत हाय." मी खोलीत आले आणि गोळ्यांचे डबे भरत बसले. राजीनामा द्यावा असं वाटतं. मग इथे कोण येईल, असंही वाटतं. आणि घरी जाऊन मी तरी काय करू, हे तिसरं.

बुधवार, ११ मे

पाण्याच्या फेरतपासणीला बबनराव न कळवता आले. चादरी नाहीत, फळ्यावरची अर्धी अक्षरं पुसलेली. टाकीत डोकावले, तळाला हातभर पाणी. त्यांनी लिहून घेतलं आणि घाम पुसत व्हरांड्यात बसले. दगडाबाईने कोरा चहा दिला.

जायला उठले तेव्हा बायनाबाई समोर आली. तिने त्यांच्या पायांपुढे पदर पसरला. मी "आजी" म्हणून पुढे झाले खरी, पण तिचा हात धरला नाही. धरता आला असता.

"सायब, मी मागल्या टायमाला लबाड बोलले. माझा ल्योक जिता हाय. सटवा नाव. ऊस तोडतो. दोन नातवं हायत. ते कागदावर जितं करा आन मंग मला काढा."

बबनरावांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मी शिकवलं होतं त्यांना." वाटलं होतं हे बोलायला फार जड जाईल. तसं काही झालं नाही.

ते खाली बसले, पेन काढलं. "सटवा. पुढे?"

तिने नवऱ्याचं नाव घेतलं नाही, मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून राधाकिशन उठले. काठी टेकत आले आणि चेअरमनच्या आवाजात म्हणाले, "मला बी दोन हायत. लिवा. थोरला कारभारी, धाकला शहादेव. धाकल्यानं बारावी केलीय."

मग कोणी थांबेचना. कोणाला तीन मुलं, कोणाला लेक आणि जावई, कोणाला एकटा नातू. नावं सांगताना सगळे एकदम बोलायला लागले. जे म्हातारे सहा महिन्यांत मोठ्याने बोलले नव्हते ते भांडत होते, आधी माझं लिवा, आधी माझं. एका आजोबांनी तर सुनेची शिलाई मशीनसुद्धा लिहायला लावली. बबनराव लिहीत होते. हातातलं पेन दोनदा झटकलं, पण हात थांबवला नाही.

शेवटी उरली वच्छलाबाई. कॉटच्या कडेला बसलेली, दोन्ही हात मांडीत. बबनरावांनी विचारलं, "आजी, तुम्हाला?"

"मला खरंच कुनी न्हाई, सायब," ती म्हणाली आणि रडायला लागली. जानेवारीत तिने हेच सांगितलं होतं आणि तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. आता सगळ्यांमध्ये ती एकटी उघडी पडली होती.

बायनाबाई तिच्या कॉटवर जाऊन बसली. "तिला बी सटवाच लिवा."

"आजी, असं लिहिता येत नाही."

"कावून? माझा हाय. मी देते की."

बबनरावांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं. मी त्यांना समजावून सांगणार होते, की ही बाई एकटीच खरी पात्र आहे, तिचं नाव तरी राहू द्या, हिला बाहेर जायला दार नाही. मी वच्छलाबाईकडे बघितलं. ती मान हलवत होती, हो, तसंच लिवा म्हणून. मी गप्प बसले. त्यांनी लिहिलं.

फाटकाशी मला म्हणाले, "मॅडम, अख्ख्या वृद्धाश्रमात एकही निराधार नाही, असा अहवाल मी नोकरीत पहिल्यांदा देतोय." मग म्हणाले, "तुम्हाला कोण आहे हो?"

"आहे ना. मुलगा आहे, पुण्याला," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि जीपमध्ये बसले.

आता काय होईल मला माहीत नाही. अनुदान जाईल. पंधरा दिवसांत, महिन्यात सगळ्यांना गाठोडी बांधावी लागतील आणि गावात तर पाणी नाही. माणिकरावांचे चार फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. उद्या उचलावे लागतील. पाय सुजलेत. झोपायच्या आधी एक चक्कर मारायला म्हणून हॉलमध्ये गेले तर सगळे झोपलेले, फक्त त्या दोन कॉटवर कुजबुज चालू होती. वच्छलाबाई विचारत होती, "दिसायला कसा हाय गं आपला सटवा?" आणि बायनाबाई सांगत होती.